निराधारच्या पेन्शनवरून स्वतःच्या धंद्याकडे: मानसिक आजार असलेल्यांना आणि घरच्यांना पडणारे प्रश्न

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, दीर्घकाळचं नैराश्य किंवा तीव्र ओसीडी असलेल्या आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या महाराष्ट्रातल्या लोकांसाठी ही माहिती आहे. अनेकांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळतात, तब्येत बऱ्यापैकी सावरलेली असते आणि काहीतरी स्वतःचं करावं असं वाटत असतं. पुढं पाऊल पडत नाही त्याला बहुतेक वेळा एकच भीती कारण असते: पेन्शन जाईल आणि धंदाही चालणार नाही. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, तिचे नियम वेगळे आहेत. तिथल्या वाचकांनी पेन्शनचे आकडे सोडून बाकीचं वाचावं.

धंदा सुरू केला की पेन्शन लगेच बंद होते का?

नाही. संजय गांधी योजनेत काम करण्यावर बंदी नाही, मर्यादा आहे ती उत्पन्नावर. दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत चालतं. दिव्यांग नसलेल्या इतर लाभार्थ्यांसाठी ही मर्यादा २१,००० आहे. सेतूच्या खिडकीवर पुष्कळदा २१,००० हाच आकडा सांगितला जातो आणि लोक घाबरून परत येतात. आपला आकडा ५०,००० आहे हे पक्कं लक्षात ठेवा.

तरी "कुटुंबाचं" हा शब्द नजरेआड करू नका. घरात दुसऱ्या कुणाची कमाई असेल तर ती धरूनच मोजायचं. भावाच्या मजुरीचे ४०,००० दाखल्यात धरले जात असतील, तर तुमच्या धंद्याला १०,०००च उरतात. धंद्याचा विचार करण्याआधी घरातला मागच्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला काढून बघा, त्यावर कुणाचं काय लिहिलंय ते वाचा.

मग पेन्शन सोडणं नक्की कधी परवडतं?

हे गणित कागदावर मांडल्याशिवाय एकही पाऊल टाकू नका.

सप्टेंबर २०२५ च्या निर्णयानंतर दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिना १,५०० वरून २,५०० झाली, म्हणजे वर्षाला ३०,०००. उत्पन्न वाढेल तशी पेन्शन थोडी थोडी कमी व्हावी, अशी सोय या योजनेत नाही. मर्यादा ओलांडली की सगळीच जाते.

आता बघा. कुटुंबाचं उत्पन्न ५०,००० आहे, वर पेन्शन ३०,०००. घरात ८०,००० येतात. धंदा थोडा वाढला आणि उत्पन्न ६०,००० झालं, पेन्शन गेली, तर घरात ६०,०००च आले. मेहनत वाढली आणि हातात २०,००० कमी. ५०,००० ते ८०,००० या पट्ट्याला आपण खड्डा म्हणू. या खड्ड्यात रेंगाळणं सगळ्यात वाईट. एकतर खड्ड्याच्या अलीकडे राहून, छोटा धंदा करत तब्येत आणि हात दोन्ही बसवा. नाहीतर वर्षाला एक लाखाच्या पुढचं उत्पन्न येईल अशी तयारी करून एकदाच उडी मारा. खड्डा ८०,०००ला संपत असला तरी आम्ही लाख म्हणतो, कारण वर्षातले एक-दोन महिने आजारपणात जाऊ शकतात हे धरूनच चालायचं असतं.

पहिलं वर्ष बहुतेकांनी खड्ड्याच्या अलीकडेच काढावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उत्पन्न म्हणजे विक्री की नफा?

नफा. विक्रीतून खर्च वजा जाता जे उरतं ते. इथंच लोक विनाकारण पेन्शन घालवून बसतात. तलाठ्यानं विचारलं "किती होतो धंदा?" की "वर्षाला दीड लाख" असं सांगून मोकळे होतात आणि तोच आकडा कागदावर चढतो.

एक उदाहरण, भाव समजा म्हणून धरलेले. पाच किलो शेंगदाण्यांची लसूण चटणी. शेंगदाणे ७५० रुपये, अर्धा किलो लसूण १००, तिखट ९०, मीठ-जिरं-तेल ६०, गॅस ५०. भाजून सालं पाखडल्यावर शेंगदाणे साडेचार किलोंच्या आसपास भरतात. सगळं मिळून २०० ग्रॅमची साधारण २७ पाकिटं होतात. पाकीट आणि लेबल मिळून प्रत्येकी ५ रुपये, म्हणजे १३५. एकूण खर्च १,१८५. दुकानदाराला ६० रुपयांनी दिलं तर १,६२० येतात, हातात ४३५ उरतात. आठवड्याला असे दोन घाणे आणि वर्षातले ४४ आठवडे काम धरलं (आठ आठवडे सुट्टी, आजारपण, सण), तर विक्री १,४२,५६० आणि नफा ३८,२८०.

विक्री दीड लाखाच्या घरात आणि उत्पन्न चाळीस हजारांच्या आत. हे दाखवायला वही लागते. शंभर पानी वही, डावीकडे आलेले पैसे, उजवीकडे गेलेले, किराणा दुकानाच्या पावत्या मागच्या पानाला पिनेनं लावलेल्या. उत्पन्नाच्या दाखल्याला जाताना ही वही सोबत न्या.

चटणीच करणार असाल तर: भाजलेले शेंगदाणे पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना मिक्सरला लावले की तेल सुटून गोळा होतो आणि पाकिटाला तेलाचे डाग पडतात. सोललेला लसूण ओला राहिला तर चटणीला बुरशी धरते, म्हणून तो कापडावर पसरून तासभर पंख्याखाली ठेवा.

उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर तहसीलला कळवायचंच का?

हो, लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढं पडताळणीत उघड झालं तर पेन्शन थांबतेच, घेतलेली रक्कम परतही मागितली जाऊ शकते. नैराश्याच्या काळात हातात आलेली वसुलीची नोटीस माणसाला फार खोल नेते. स्वतःहून कळवलेल्या कागदाचा दुसरा उपयोग असा, की उद्या पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर तुमचा व्यवहार स्वच्छ दिसतो.

काम करायला लागलो तर प्रमाणपत्राची टक्केवारी घटेल का?

घटू शकते, पण आपोआप ४० च्या खाली जात नाही. हिशेब समजून घ्या म्हणजे भीती कमी होईल.

मानसिक आजाराचं दिव्यांगत्व 'आयडियाज' या मोजपट्टीवर ठरतं. चार बाबी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्यात गेल्या दोन वर्षांत आजार किती महिने होता याचे १ ते ४ गुण मिळवतात. १८ महिन्यांहून जास्त असेल तर ४. एकूण १ ते ६ आले तर ४० टक्क्यांच्या खाली, ७ ते १३ म्हणजे ४० ते ७०, १४ ते १९ म्हणजे ७१ ते ९९ आणि २० म्हणजे १०० टक्के.

समजा तुमचे गुण स्वतःची काळजी १, संबंध २, संवाद २, काम ३ आणि कालावधी ४ असे आहेत, बेरीज १२. धंदा सुरू केल्यावर काम ३ वरून १ वर आलं, तर बेरीज १०. अजूनही ७ ते १३ मध्येच. बेरीज आधीच ७-८ असेल तर मात्र फरक पडेल.

तपासणीच्या दिवशी चूक होते ती वेगळीच. माणूस आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, "मी आता एकदम बरा आहे, माझा धंदा आहे" असं सांगतो. बरं वाटणं चांगलंच आहे, पण डॉक्टरांना पूर्ण चित्र द्या: आठवड्यातले किती दिवस काम होतं, गिऱ्हाइकाशी बोलायला कोण लागतं, हिशेब कोण बघतं, गेल्या दोन वर्षांत किती वेळा काम बंद ठेवावं लागलं. सोबत घरचं माणूस न्या, औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून न्या. वाढवून काहीच सांगू नका, लपवूनही ठेवू नका.

मानसिक आजाराचं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज टाका. प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून पेन्शन अडकते आणि घरच्यांना वाटतं धंद्यामुळे अडकली. तसंच दरवर्षीचा हयातीचा दाखला आणि बँक खात्याला आधार जोडलेलं असणं, या दोन्ही गोष्टी चुकवू नका.

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या माघारी मला कौटुंबिक पेन्शन मिळते. धंदा केला तर?

इथं हिशेब वेगळा आणि रक्कमही मोठी, म्हणून आधी थांबा. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कौटुंबिक पेन्शन मिळते ती उपजीविका कमावता येत नसेल तर. फेब्रुवारी २०२१ पासूनचा निकष असा: अपत्याचं इतर उत्पन्न, कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक त्यावरचा महागाई दिलासा, याहून कमी असलं पाहिजे. शेवटचा पगार ४०,००० असेल तर ३० टक्के म्हणजे महिना १२,००० आणि वर महागाईचा भाग. वडिलांचा पेन्शन पेमेंट ऑर्डर काढून हा आकडा आधी लिहून ठेवा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना राज्याचे स्वतंत्र पेन्शन नियम लागतात. कोषागारात लेखी विचारल्याशिवाय हा आकडा त्यांना लावू नका.

कोणता धंदा निवडावा?

जो दहा दिवस बंद ठेवला तरी मरत नाही, तो. निवडीची ही पहिली चाळणी. आवड, बाजार, नफा हे नंतर.

जेवणाचे डबे लोकांना सोपे वाटतात, कारण स्वयंपाक येतो. पण डबा रोज, ठरल्या वेळी, सुट्टीशिवाय द्यावा लागतो. तीन दिवस चुकले की मेसवाला दुसरा सापडतो. दुधाची लाइन, पेपरची लाइन, सकाळच्या नाश्त्याची गाडी यांचंही तसंच, वर झोपेचं खोबरं. बायपोलर असलेल्यांनी पहाटे तीन-चारला उठावं लागेल असा धंदा धरूच नये. सलग काही रात्री झोप तुटली की मेनियाला, म्हणजे मन भलत्या उत्साहात उधळण्याला, निमित्त मिळतं.

टिकाऊ माल बरा: पापड, कुरडया, मसाले, चटण्या, गोधड्या, कापडी पिशव्या. ऑर्डर घेऊन सवडीनं करायचं काम बरं: शिवण, टायपिंग, झेरॉक्स-लॅमिनेशन, सायकल दुरुस्ती, रोपवाटिका. रोपांना पाणी मात्र रोज लागतं, ते घालायला घरात दुसरं कुणीतरी हवं.

गोळ्यांचा आणि कामाचा मेळ कसा घालायचा?

हे डॉक्टरांशी धंदा ठरवण्याआधी बोला. "काम करू का?" एवढंच विचारू नका. कामाचे तास, उष्णता, यंत्र, वाहन हे सगळं सांगा.

लिथियम चालू असेल तर भट्टी, तंदूर, उन्हातली गाडी धोक्याची. घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, चाल अडखळणं, जीभ जड होणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अंगदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका, तिनंही लिथियम वाढतं. क्लोझापिन सुरू केलं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी असते, तेव्हा तो एक दिवस कामातून वजा धरा. सकाळी झापड येत असेल तर कटिंग मशीन, गिरणी, दुचाकी यांवरचं काम अकराच्या नंतर ठेवा, आणि गोळीची वेळ बदलायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. हात थरथरत असतील तर बारीक शिवण जमत नाही, पिशव्यांची सरळ शिवण जमते.

धंद्याला बरे दिवस आले की गोळ्या सोडायची इच्छा होते. हे इतकं नेहमीचं आहे की आधीच धरून चाला, आणि घरातल्या एकाला गोळ्यांचं पाकीट आठवड्यातून एकदा मोजू द्या.

भांडवल कुठून आणायचं?

आधी बिनव्याजी, मग अनुदान, शेवटी कर्ज.

ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांना स्वतःच्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. त्यातून शिलाई मशीन, पिठाची गिरणी, झेरॉक्स मशीन अशी साधनं दिली जातात. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा नगरपालिकेत लेखी अर्ज करा आणि यंदाची यादी कधी लागते ते विचारा. प्रशिक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यातली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत आहे, राहण्या-जेवणासकट.

दिव्यांगजन स्वावलंबन योजनेचं कर्ज व्याजाला सगळ्यात हलकं: ५०,००० पर्यंत ५ टक्के, त्यापुढे ५ लाखांपर्यंत ६ टक्के, महिलांना एक टक्का सूट. राज्यात ते महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत मिळतं. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत तारण लागत नाही. रस्त्यावर विक्री करणाऱ्यांना पीएम स्वनिधीतून पहिला हप्ता १५,००० चा.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांगांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. ऐकायला मोहक, पण अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं आणि त्याआधी धंदा बंद पडला तर हातून जातं. आजार अजून वर्षातून एकदा तरी उलटत असेल तर यापासून सुरुवात करू नका.

कर्ज किती घ्यावं? एक लाख, ६ टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण १,९३३ रुपये. हा हप्ता सगळ्यात वाईट महिन्यातही भरता आला पाहिजे. वरच्या चटणीच्या धंद्यात चांगल्या महिन्यातच साडेतीन हजारांच्या आसपास उरतात. त्या धंद्याला लाखाचं कर्ज झेपत नाही. दहा-पंधरा हजारांत मिक्सर, वजनकाटा आणि सीलिंग मशीन येतं, तेवढ्यावरच सुरुवात करा.

बँकवाले म्हणतात, "मानसिक रुग्णाला कर्ज देता येत नाही." खरं आहे का?

नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार, सक्षम न्यायालयानं तसं ठरवलेलं नसेल तर केवळ मानसिक आजार आहे म्हणून कुणाला अस्थिर बुद्धीचा मानता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम १३ दिव्यांगांना मालमत्ता, स्वतःचे आर्थिक व्यवहार आणि बँकेचं कर्ज यांबाबत समान हक्क देतं. करार कायद्याचं कलम १२ सुद्धा सांगतं, की अधूनमधून मन अस्थिर होणारी व्यक्ती मन स्थिर असताना करार करू शकते.

वाद घालत बसू नका. ही तीन कलमं अर्जात लिहा आणि नकार लेखी मागा. परतफेडीची ऐपत नाही म्हणून नकार देण्याचा अधिकार बँकेला आहे. आजार आहे म्हणून देण्याचा नाही.

नोंदणी काय काय लागते?

उद्यम नोंदणी: आधारवर, ऑनलाइन, मोफत. सायबर कॅफेवाला हजार रुपये मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे, सरकारी फी शून्य. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी. १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये. दुकानात वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप अॅक्टची फक्त सूचना द्यायची असते. एवढ्या लहान धंद्याला जीएसटी लागत नाही.

मेनियाच्या काळात हातून पैसे उडतात. काय करावं?

मेनियात "हा धंदा राज्यभर नेतो" असं वाटतं. माणूस चार तास झोपून दिवसभर फोनवर असतो, पाच किलोंच्या जागी ५० किलोचं पोतं उचलतो, दुकान भाड्यानं घेऊन अनामत देऊन बसतो. अशा वेळी समजावून उपयोग नसतो, म्हणून बंधनं बरं असतानाच घालून ठेवा.

दोन खाती ठेवा. क्यूआर कोड जोडलेल्या खात्यात आठवड्याच्या खरेदीपुरतेच पैसे. बाकीचे दर शनिवारी दुसऱ्या खात्यात, ज्यावर यूपीआय आणि एटीएम कार्ड नाही. बँकेच्या अॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा २,००० करून टाका. मर्यादा मोठी राहिली की एका रात्रीत खातं रिकामं होतं. दुसरं खातं संयुक्त करायचं तर "दोघांच्या सह्या लागतील" असा पर्याय घ्या. "दोघांपैकी कोणीही" घेतला तर काहीच उपयोग नाही. आणि ३,००० वरच्या कोणत्याही खरेदीला ४८ तास थांबायचं, असं ठोक व्यापाऱ्यालाही सांगून ठेवा. ओळखीचा व्यापारी हे पाळतो.

आजार उलटला तर धंद्याचं काय?

एक पानाचा कागद आधीच लिहून फ्रिजवर किंवा कपाटाच्या आत लावा. त्यावर तुमची स्वतःची पहिली तीन लक्षणं (उदाहरणार्थ: दोन रात्री झोप नाही, फोन उचलणं बंद, आंघोळ टळते), डॉक्टरांचा नंबर, गिऱ्हाइकांना निरोप कोण देणार, कुठल्या ऑर्डरी लगेच रद्द करायच्या आणि कुणाची उधारी यायची आहे. निरोपाचा मजकूरही तयार ठेवा: "तब्येतीमुळे दोन आठवडे काम बंद आहे. आगाऊ घेतलेले पैसे परत करतो." यासाठी आगाऊ रक्कम माल हातात देईपर्यंत खर्च करायची नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार साध्या कागदावर सही करून तुम्ही स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकता. त्याचा अधिकार उपचारांपुरता आहे. तो तुमचा चेक काढू शकत नाही. बँकेसाठी वेगळं अधिकारपत्र शाखेत द्यावं लागतं.

मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, १४४१६, मोफत आणि चोवीस तास. मराठीत बोलता येतं.

गिऱ्हाइकांना आजाराबद्दल सांगावं लागतं का?

नाही. विम्याच्या फॉर्मवर मात्र लपवू नका, नाहीतर पुढं दावा नाकारला जातो.

धंदा बंद पडला तर पेन्शन परत मिळते?

पात्रता पुन्हा बसत असेल तर नव्यानं अर्ज करता येतो: चालू प्रमाणपत्र, नवा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा. तालुक्याच्या समितीपुढे प्रकरण जाऊन मंजूर व्हायला महिने लागतात. म्हणून पेन्शन सोडताना सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम त्या बिनकार्डच्या खात्यात असू द्या, आणि धंदा बंद झाला तरी प्रमाणपत्राचं नूतनीकरण थांबवू नका.

घरच्यांनी किती लक्ष घालावं?

आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, अर्धा तास. वही दोघांनी मिळून बघायची. रोज "किती झाले?" विचारलं की माणूस धंदा लपवायला लागतो, आणि अजिबात विचारलं नाही तर उधारी साठत जाते. माल तयार करणं, भाव ठरवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं हे ज्याचा धंदा त्याला करू द्या. पाकिटाचं लेबल वाकडं लागलं म्हणून आईनं सगळी लेबलं पुन्हा लावायला बसू नये.